ट्रान्सपोर्ट घेण्याआधी लेन्स पुसा

वाचकाचं पत्र:

स. न. वि. वि.

बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. सहकारनगरात राहतो. घरात साडेतीनशेच्या आसपास सीडी आहेत, बहुतेक शास्त्रीय, थोडी नाट्यगीतं. त्यातल्या साठेक सीडी एका मित्राने घरगुती बैठकींच्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरवर स्वतः करून दिलेल्या. तो मित्र आता नाही. दिवाळीत मुलाने नवा अँप्लिफायर आणला. त्यात डॅक आहे म्हणे, मागे कोॲक्शियल आणि ऑप्टिकल अशी दोन तोंडं आहेत. माझा १९९६ सालचा सीडी प्लेअर मात्र हल्ली ‘नो डिस्क’ म्हणतो, कधी चालतो, कधी मधेच अडतो. शोरूममध्ये म्हणाले, आता ‘सीडी ट्रान्सपोर्ट’ घ्या. तिथल्या साध्या सीडी प्लेअरवर आणि मग लाखाच्या वरच्या ट्रान्सपोर्टवर त्यांनी एकच सीडी ऐकवली, आणि खरं सांगतो, दुसऱ्या वेळी तानपुरा जास्त मोकळा वाटला. भाचा म्हणतो, मामा, सगळे शून्य आणि एकच असतात, कुठलाही जुना डीव्हीडी प्लेअर लाव. सौ. म्हणते, फोनवर सगळं फुकट मिळतं. माझी तयारी पंचवीस हजारांची आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

भाच्याचं ऐका, पण पाऊणच. शोरूमवाल्याचं ऐकू नका. तरी तुमच्या कानांना जे ऐकू आलं ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही, त्याचं कारण वेगळं होतं, ते पुढे सांगतो. वहिनींचं म्हणणं तुमच्या विकतच्या बऱ्याचशा सीडींना लागू पडतं, मित्राच्या साठ सीडींना पडत नाही. त्या फोनवर येणार कुठून? माझा अंदाज असा आहे की तुमच्या पंचवीस हजारांतला बराच मोठा भाग बँकेतच राहील.

सीडी प्लेअर म्हणजे एका डब्यात बसवलेली दोन यंत्रं. एक वाचतं, दुसरं त्या आकड्यांचा आवाज करतं. दुसऱ्याला डॅक म्हणतात, आणि तो तुमच्या नव्या अँपमध्ये आहे. उरलं फक्त वाचणारं. त्यालाच ट्रान्सपोर्ट म्हणतात. शब्द नवा नाही, टेपच्या काळातही फीत ओढणाऱ्या यंत्रणेला हेच नाव होतं. तेव्हा ‘ट्रान्सपोर्ट’ ही काही वेगळ्या जातीची वस्तू नाही. ज्या सीडी प्लेअरच्या किंवा डीव्हीडी प्लेअरच्या पाठीमागे डिजिटल आउटपुट आहे, तो प्रत्येक ट्रान्सपोर्टच.

आता हे वाचणारं यंत्र काय करतं ते जरा पाहू, कारण पैसे कुठे घालायचे हे त्यावरच ठरतं. सीडीवर आतून बाहेर जाणारी एक लांबच लांब रेघ असते आणि तिच्या दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत (असलेच तर) असे चाळीसेक वेढे बसतील. तबकडी आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या घेते आणि कडेला येईपर्यंत सुमारे २०० वर उतरते. फिरताना ती वरखाली हलते, थोडी तिरकीही असते, आणि या सगळ्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी लेन्स क्षणाक्षणाला खाली-वर, डावी-उजवी होत त्या रेघेवर नेम धरून असते. हे १९८२ साली बाजारात आलं, आणि आजही मला त्याचं नवल वाटतं. यंत्रात बिघडतं ते हेच. डॅक बिघडत नाही, वायर बिघडत नाही. लेन्स, तिचा लेझर, तिला सरकवणारी पट्टी, तबकडी फिरवणारी मोटर आणि ट्रे ओढणारा रबरी बेल्ट, एवढ्या पाच गोष्टींत सीडी प्लेअरचं सगळं आयुष्य सामावलेलं असतं.

नेम थोडा चुकला तर काय होतं? कल्पना करा, एखाद्या पोथीतल्या प्रत्येक ओवीचे शब्द मुद्दाम दहा पानांवर विखरून लिहिले आहेत आणि सोबत ताळा जुळवायला थोडी जादा अक्षरंही घातली आहेत. एक पान फाटलं तरी कुठलीच ओवी पूर्ण जात नाही, आणि ताळ्यावरून गेलेला शब्द नेमका काय होता ते काढता येतं. अंदाजाने नव्हे, नेमका. सीडीतली रीड-सॉलोमन पद्धत हेच करते. रेघेवर सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा वाचता आला नाही तरी ती मूळ आकडे जसेच्या तसे परत उभे करते. नुकसान त्याहून मोठं असलं की मग यंत्र आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून मधला आकडा ठोकून देतं. तेही जमलं नाही की क्षणभर गप्प बसतं, किंवा टक् असा आवाज येतो.

म्हणून चांगल्या स्थितीतली सीडी असेल तर धडधाकट स्वस्त यंत्र आणि धडधाकट महाग यंत्र डॅककडे अगदी तेच आकडे पाठवतात. सेकंदाला ४४,१०० वेळा, दोन्ही बाजूंचे, १६ बिटांचे. इथवर भाचा शंभर टक्के बरोबर आहे. फरक पडतो तो चरे पडलेल्या, वाकलेल्या, घरी केलेल्या सीडीवर. तिथे एक लेन्स मुकाट्याने वाचत जाते आणि दुसरी ‘नो डिस्क’ म्हणून हात वर करते. आणि तुमच्याकडे अशा साठ आहेत.

शोरूमवाले ‘जिटर’ नावाचं एक भूत दाखवतात, तेही उतरवून टाकू. आकडे बरोबर असले तरी ते डॅककडे ज्या ठोक्याने पोचतात त्यात बारीकशी डगमग असते. बोल बरोबर, पण मात्रा जराशी पुढे-मागे, असं समजा. उपमा कानाला पटते, म्हणूनच ती माल खपवायला बरी पडते. पण तबलजीची मात्रा हलली तर ती काही मिलिसेकंदांनी हलते. इथलं हलणं सेकंदाच्या अब्जांश भागात किंवा त्याहूनही लहान मापात मोजतात, आणि आजकालचे डॅक आलेला ठोका आपल्या घड्याळाने परत सरळ करून घेतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या काही डॅकमध्ये ही सोय कच्ची होती, तेव्हा या चर्चेला अर्थ होता. मुलाने दिवाळीत आणलेल्या अँपसाठी मी यावर एक रुपयाही खर्च करणार नाही.

मग तानपुरा मोकळा का वाटला? तुमचंच पत्र नीट वाचा. आधी ‘साधा सीडी प्लेअर’, मग ‘ट्रान्सपोर्ट’. ट्रान्सपोर्टला स्वतःचा आवाजच नसतो, तो कुठल्या तरी डॅकला जोडल्याशिवाय वाजत नाही. शोरूममध्ये लाखाचा ट्रान्सपोर्ट जोडलेला असतो तो बहुधा तसाच भारी डॅक पुढे ठेवून. साधा प्लेअर मात्र त्यांनी स्वतःच्या ॲनालॉग आउटपुटने वाजवला असणार. म्हणजे तुम्ही दोन डॅकची तुलना केलीत, ट्रान्सपोर्टची नव्हे. शिवाय दोन्हींचा आवाज सारखा लावला होता का? अर्ध्या-एक डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ असा कळत नाही, ‘छान’ असा कळतो. परत गेलात तर एवढंच म्हणा: दोन्ही यंत्रं डिजिटल वायरने एकाच डॅकला लावा, पडद्यामागून बदला आणि मला सांगू नका कुठलं वाजतंय. चहा नक्की पाजतील. पुढचं होईल का, सांगता येत नाही.

आता कामाला लागू.

पहिलं काम फुकटातलं. तुमच्या जुन्या प्लेअरची पाठ बघा. तिथे डावा-उजवा ही दोन भोकं सोडून आणखी एक एकटं भोक आहे का, ‘डिजिटल आउट’ असं लिहिलेलं? किंवा छोटं चौकोनी झाकण असलेलं ऑप्टिकलचं तोंड? १९९६ च्या बऱ्याच प्लेअरना यातलं एखादं असायचं. असेल तर ट्रान्सपोर्ट तुमच्या घरात आहे, फक्त आजारी आहे.

आणि आजार बहुधा किरकोळ आहे. कधी चालतो, कधी अडतो, ही लक्षणं लेझर मेल्याची नव्हेत. लेझर खरंच गेला की कुठलीच सीडी कधीच चालत नाही. अधूनमधून अडणं म्हणजे बहुधा लेन्सवर इतक्या वर्षांची धूळ आणि उदबत्तीचा धूर, किंवा पट्टीवरचं ग्रीस वाळून मेण झालेलं. देवघर आणि स्टिरिओ एकाच खोलीत आहेत का? पुण्यातल्या निम्म्या घरांत असतात, आणि लेन्सवर तो पिवळट थर मी स्वतः पुसलेला आहे. प्लग काढा, वरचं झाकण उघडा, कानातल्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घ्या आणि लेन्सवरून पिसासारखी फिरवा. दाबू नका, ती बारीक तारांवर तरंगत असते. झाकण उघडं ठेवून चालवून बघायचा मोह होईल, तो आवरा. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे डोळ्याला जवळजवळ दिसत नाही आणि डोळ्याला तरीही इजा करू शकतो. बाजारात ब्रश लावलेली ‘लेन्स क्लीनर’ सीडी मिळते, ती मी वापरत नाही. तरंगत्या लेन्सला वेगाने फिरणारा झाडू मारायची कल्पना मला झेपत नाही.

पुसूनही सुधारला नाही तर तापकीर गल्ली. तिथे, बुधवार पेठेत, अजूनही लेन्स बदलून देणारी माणसं आहेत. ‘पिकअप’ला, म्हणजे लेन्स आणि लेझरच्या अख्ख्या जोडणीला, ते लेन्सच म्हणतात, तुम्हीही म्हणा. प्लेअर उघडून पिकअपवरचा नंबर टिपून न्या. सोनीच्या केएसएस मालिकेतलं, म्हणजे केएसएस २१३ वगैरे, काही निघालं तर नशीब चांगलं. ही लेन्स कित्येक कंपन्यांच्या प्लेअरमध्ये बसवलेली असायची आणि तिच्या नकला आजही मिळतात. नकला आहेत, तेव्हा एखादी लवकर जाते, पण परवडते. बदलणाऱ्याला एक गोष्ट विचारा: नव्या लेन्सवरचा सोल्डरचा थेंब काढला का? स्थिर विजेने लेझर जळू नये म्हणून कारखान्यात त्याची दोन टोकं सोल्डरने जोडून पाठवतात, आणि वायरची रिबन जोडल्यावर तो थेंब काढावा लागतो. तो राहिला की नवी लेन्सही ‘नो डिस्क’ म्हणते, आणि मग ‘तुमचं बोर्डच गेलंय’ असं ऐकावं लागतं. हा प्रश्न विचारलात की दुकानदार तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल. त्याचसोबत ट्रेचा बेल्टही बदलून घ्या.

तुमच्या अँपचं डिजिटल तोंड आणि जुन्या प्लेअरचं डिजिटल तोंड जोडायला वायर लागेल. कोॲक्शियलला ७५ ओहमची वायर चालते, आणि जुन्या टीव्हीच्या चित्रासाठी जी पिवळ्या टोकाची वायर यायची ती त्याच मापाची असते. माळ्यावर नक्की सापडेल. चार-पाच हजारांच्या ‘डिजिटल केबल’कडे बघूही नका. ऑप्टिकलचा एकच फायदा, पण कधीकधी मोठा: त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. अँपला सेट-टॉप बॉक्सही जोडला असेल आणि स्पीकरमधून बारीक गुणगुण येत असेल, तर कोॲक्शियल काढून ऑप्टिकल लावा, बहुतेकदा ती थांबते. फक्त ती वायर काटकोनात दुमडू नका.

समजा जुन्या प्लेअरला डिजिटल तोंडच नाही, किंवा तो खरोखरच गेला आहे. तर भाच्याच्या वाटेने जा, पण भाच्याने न सांगितलेल्या चार गोष्टी लक्षात ठेवून. डीव्हीडी प्लेअर पुण्यात आता कोणी विचारत नाही, तुमच्याच सोसायटीत दोघा-तिघांकडे माळ्यावर पडलेला असेल. पाठीमागे कोॲक्शियल हवं. ते भोक बहुधा नारिंगी असतं. लाल-हिरवं-निळं अशी तीन शेजारी शेजारी असतात ती चित्राची, त्यांच्या नादी लागू नका. नुसतं एचडीएमआय असलेलं शेवटच्या पिढीचं मॉडेल तुमच्या कामाचं नाही. एकदाच टीव्ही जोडून सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा, इक्वलायझर, सराउंड असले सगळे चाळे बंद करा. मग अँपच्या पडद्यावर बघा. सीडी चालू असताना तिथे ४४.१ (म्हणजे मघाचे ४४,१००) दिसायला हवं. ४८ दिसलं तर तो प्लेअर मधल्यामध्ये आकडे बदलतोय. सेटिंगमध्ये ते बंद होत नसेल तर शेजाऱ्याचा प्लेअर शेजाऱ्याला परत. आणि रिमोट असल्याशिवाय घेऊ नका, डीव्हीडी प्लेअर रिमोटशिवाय अर्धा लुळा असतो.

दोन परीक्षा तुमच्या संग्रहातूनच घ्या. एक, विलंबित पहिल्या ट्रॅकवर आणि द्रुत दुसऱ्या ट्रॅकवर, मधे न थांबता, अशी सीडी तुमच्याकडे असेलच. काही प्लेअर ट्रॅक बदलताना क्षणभर तोंड मिटतात. नाट्यगीतांत कळणार नाही, पण तबल्याची तिहाई नेमकी त्या सांध्यावर पडत असेल तर सम गिळली जाते, आणि मग रोज चिडचिड होते. दोन, मित्राची एखादी सीडी. लिहिलेल्या सीडीवरचा रंगद्रव्याचा थर सीडीच्या लेझरसाठी, म्हणजे ७८० नॅनोमीटरसाठी बनलेला असतो. डीव्हीडीचा लेझर ६५० चा. बहुतेक डीव्हीडी प्लेअरमध्ये दोन्ही असतात, सुरुवातीच्या काहींत नव्हते, आणि ते विकतची सीडी झोकात वाजवून लिहिलेली सीडी साफ नाकारायचे.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारणार असाल तर याच दोन सीडी पिशवीत टाका, आणि तिसरी, सर्वांत लांबीची, पंचाहत्तर मिनिटांच्या आसपासची. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून थकलेली लेन्स पहिले ट्रॅक छान वाजवते आणि कडेला धापा टाकते. विकणारा नेहमी पहिला ट्रॅक ऐकवतो. तुम्ही सरळ शेवटच्या ट्रॅकवर उडी मारा आणि दहा मिनिटं उभे राहा. शक्य असेल तर यंत्र तासभर तापल्यावर पुन्हा. थंड असताना शहाणी आणि तापल्यावर वेडी होणारी लेन्स म्हणजे जायला आलेली लेन्स.

आणि पाठीमागचा व्होल्टेजचा आकडा वाचा. जपानमधून आलेली ऐंशी-नव्वदच्या दशकातली देखणी यंत्रं अधूनमधून दिसतात. वजनदार, सुबक, भुरळ पाडणारी. मीही भुललो होतो. घरी आणलं, हौसेने प्लग लावला, दोन मिनिटांत स्वयंपाकघरातून ‘काय जळतंय?’ असा प्रश्न आला. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३०. पाठीवर ते स्पष्ट छापलेलं होतं. दोष यंत्राचा नाही, विकणाऱ्याचाही नाही, माझ्या चष्म्याचा. असं यंत्र घ्यायचंच असेल तर वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि मग ते स्वस्त राहत नाही.

नवंच हवं असेल तर? केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी आणि ऑडिओलॅबचा ६०००सीडीटी ही त्यातल्या त्यात जमिनीवरची नावं. दोन्ही फक्त वाचतात, दोन्हींना कोॲक्शियल आणि ऑप्टिकल आहे, दोन्ही चांगले आहेत. नवे घेतले तर तुमच्या पंचवीस हजारांत बसणार नाहीत, वापरलेला क्वचित बसेल. पहिल्याला ट्रे आहे, दुसऱ्याला फट, म्हणजे सीडी सरकवायची. तुम्हाला मी ट्रेवाला सांगेन, आणि त्याचं कारण आवाजाचं नाही. तुमच्या मित्राने काही सीडींवर कागदी लेबलं चिकटवली असतील. जुनं लेबल कडेला सुटलं की फटीत अडकतं, आणि अडकलेली सीडी बाहेर काढायला यंत्र खोलावं लागतं. ट्रेमध्ये फार तर सीडी वाजत नाही. कुठलंही नवं यंत्र घ्या, विकणाऱ्याला आधी विचारा की वॉरंटी संपल्यावर लेन्स कोण देईल, कुठे आणि कितीला. या प्रश्नावर जो ‘सर, साउंड ऐका ना’ म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. माझ्या लेखी ट्रान्सपोर्टची निवड म्हणजे लेन्सची निवड. डब्याचं ॲल्युमिनियम किती जाड आहे ते नंतर.

सीडी पुसण्याबद्दल थोडं, कारण त्यात सगळेच चुकतात. मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. सरळ चरा रेघेला आडवा छेदतो, प्रत्येक वेढ्याचं थोडंसंच नुकसान करतो, ते ताळ्यावरून भरून निघतं. गोल चरा रेघेबरोबरच धावतो आणि सलग मोठा तुकडा खातो. आणि सीडी पालथी ठेवताना आपण चकाकणारी बाजू जपतो, छापील बाजू बिनधास्त घासू देतो. उलट हवं. चकाकणाऱ्या बाजूला एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिक आहे. छापील बाजूला पातळ लाखेच्या थराखाली लगेच आरसा आहे, तो खरवडला की कुठलाही ट्रान्सपोर्ट काही करू शकत नाही.

आता मित्राच्या साठ सीडी. हे खरं तर पहिलं काम, पण आधी लिहिलं असतं तर तुम्ही ‘हो, करू’ म्हणून पुढे गेला असता. अलूरकरांच्या कॅसेट-सीडींच्या दुकानातून घेतलेली सीडी साच्यात दाबून केलेली असते, तिच्यावरचे खड्डे प्लास्टिकमध्ये घडवलेले असतात, आणि जपली तर ती तुम्हाला-मला पुरून उरेल. घरी लिहिलेल्या सीडीवर खड्डे नसतात, रंगद्रव्यावर उमटवलेले डाग असतात. ऊन, उष्णता आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनी ते फिके होतात, बहुधा कडेकडून. वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या सीडीतल्या काही आजच अर्ध्यामुर्ध्या गेलेल्या असतील, आणि तुमचा प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणतो तो कदाचित त्यांनाच. कुठल्या सीडीवर अडतो, कुठल्यावर नाही, याची एकदा यादी करा. विकतच्या चालतात आणि मित्राच्याच अडतात असं निघालं, तर दुखणं प्लेअरचं कमी आणि सीडीचं जास्त आहे.

भाच्याला बोलवा. एवढं ज्ञान सांगितलंय, आता येऊन बसू दे. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह अजूनही मिळतो, स्वस्त असतो. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते शंका आली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून उत्तर जुळतं का बघतं, आणि जुळलं नाही तर कुठल्या सेकंदाला जुळलं नाही ते सांगतं. प्लेअरला ही चैन नसते, त्याला गाणं थांबवता येत नाही. वाचण्याचा वेग कमी ठेवायला सांगा. एक ड्राइव्ह नाही म्हणाला तर दुसऱ्यात, जुन्या डेस्कटॉपमध्ये, ऑफिसातल्या लॅपटॉपमध्ये घालून बघा. एकाने नाकारलेली सीडी दुसऱ्याने मुकाट वाचल्याचं मी बऱ्याचदा पाहिलं आहे. पूर्ण भरलेली सीडी जशीच्या तशी उतरवली तर आठशे एमबीच्या आसपास जागा घेते, फ्लॅकमध्ये, म्हणजे एकही आकडा न गमावता आवळलेल्या फाइलमध्ये, त्याच्या निम्मी. साठ सीडी ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये आरामात मावतील. दोन पेनड्राइव्ह करा, एक मुलाकडे ठेवा. फाइलला राग, गायक, कोणाच्या घरची बैठक आणि साल ही नावं तुम्ही स्वतः सांगा. मित्राने मार्करने लिहिलेलं ‘बैठक ३’ म्हणजे काय हे तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

सुरुवात कागदी लेबलं चिकटवलेल्या सीडींपासून, मग उन्हाच्या बाजूच्या कपाटातल्या. लेबल सोलायला जाऊ नका, त्याबरोबर आरसाही निघून येतो. या रविवारी दहा झाल्या तरी पुष्कळ. प्लेअर पुढच्या आठवड्यात तापकीर गल्लीत न्या.